गाणं वीस वेळा ऐकलं तरी कळत नाही, माझे कानच कमजोर आहेत का?

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार, मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २४. जीएनएम करून सध्या जळगावला एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. बाहेरदेशी जायचं म्हणून आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. रीडिंगमध्ये बरे मार्क पडतात पण लिसनिंगच्या मॉक टेस्टला ४० पैकी १७-१८ च्या वर गाडी जातच नाही. क्लासच्या सरांनी सांगितलं की बिली जोएलचं 'वी डिडन्ट स्टार्ट द फायर' हे गाणं रोज ऐक, त्यात सगळा इतिहास आहे, कान तयार होतील. वीस वेळा तरी ऐकलं असेल. कोरस सोडला तर बाकी सगळं फटाक्यांच्या लडीसारखं जातं. वहीत लिहायला बसले तर 'लिटल रॉक' म्हणजे छोटा दगड, 'यू टू' म्हणजे तू पण, आणि एका जागी 'बिगिन रिगन' असं काहीतरी. फक्त 'थॅलिडोमाइड' आणि 'एड्स' लगेच कळलं. बाबा म्हणतात, 'गाना ऐकीसन इंग्रजी येस का?' रूममेट म्हणते गाणं सोड, सबटायटल लावून पिक्चर बघ. खरं सांगा ताई, माझे कानच कमजोर आहेत का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, जिथे तू सहज लिहून गेलीस की थॅलिडोमाइड आणि एड्स लगेच कळलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलंयस, फक्त तुझं तिकडे लक्ष गेलं नाही. थॅलिडोमाइड हा त्या गाण्यातला सगळ्यात अवघड शब्दांपैकी एक, इंग्रजी मातृभाषा असलेली पोरंसुद्धा तिथे अडखळतात, आणि तो काही तुझ्यासाठी हळू म्हटलेला नाही, त्याच वेगात, त्याच ढोलताशात येतो आणि जातो. तो तुला पहिल्या झटक्यात कळला. आणि 'लिटल रॉक', जो पहिलीतलं पोरगं वाचेल, तो तुझा 'छोटा दगड' झाला. कान कमजोर असते तर उलटं झालं असतं ना?

कान ठणठणीत आहेत तुझे. कानाची ओळख कमी आहे, एवढंच. थॅलिडोमाइड तू मिडवायफरीच्या पुस्तकात वाचलंयस, परीक्षेत लिहिलंयस, त्या बाळांचे फोटो बघितलेयस, म्हणून तो शब्द समोरून गेल्यावर कानाने लगेच हात वर केला. लिटल रॉक तुला कधी कोणी भेटवलाच नाही, मग कान तरी काय करणार, त्याने बिचाऱ्याने जवळचे दोन ओळखीचे शब्द जोडून दिले.

तुझ्या वॉर्डातलंच घे. सकाळच्या राउंडला डॉक्टर चालता चालता बोलतात, सिक्स नंबर एनबीएम ठेवा, आरएल लावा, फोर अवरली व्हायटल्स, सीबीसी पाठवा, आणि तोवर ते पुढच्या बेडवर पोचलेले असतात. तू ते उभ्या उभ्या लिहून घेतेस, एकही अक्षर सुटत नाही. पहिल्या दिवशी आलेल्या विद्यार्थिनीला विचार तिला काय ऐकू आलं. तिचे कान तुझ्याएवढेच चांगले आहेत, पण तिला नुसता आवाज ऐकू येतो आणि तुला ऑर्डर ऐकू येते. ही फास्ट इंग्रजी तू रोज ऐकतेयस आणि त्यात तू पास आहेस, हे आधी मनात पक्कं कर.

अजून एक. रूममेट बाहेरची असेल, सातारा कोल्हापूरकडची, तर एक करून बघ. आईचा फोन आला की स्पीकरवर टाक आणि मग रूममेटला विचार काय कळलं. आई विचारते "काय करी ऱ्हायनी वं?" आणि त्या पोरीला तो सगळा एकच लांब शब्द वाटतो, कुठे तुटतो तेच सापडत नाही, आणि तुला त्यात चार शब्द स्वच्छ दिसतात. इंग्रजी बोलणारे पण हेच करतात. कागदावर शब्दांमध्ये जागा असते, तोंडात नसते. अहिराणी, मराठी, हिंदी आणि वॉर्डातली इंग्रजी अशा चार भाषा एका दिवसात बदलणाऱ्या बाईने कान कमजोर आहेत म्हणू नये, मला ते वाचून खरंच वाईट वाटलं.

मी स्वतः भुसावळची, वडील रेल्वेत, त्यामुळे माझं पहिलं इंग्रजी लिसनिंग म्हणजे स्टेशनवरची अनाउन्समेंट. शाळेत इंग्रजी पाचवीपासून, पण त्याच्या आधीपासून मी ते तोंडपाठ म्हणायचे, 'मेआयॅव्युरटेन्शन्प्लीज', एका दमात, सुरासकट, आणि मला तो गाडीच्या नावाचा भाग वाटायचा. मग सहावीत की सातवीत कधीतरी 'अटेन्शन' हा शब्द धड्यात आला, त्याच आठवड्यात डबा द्यायला स्टेशनवर गेले आणि अनाउन्समेंट झाली, आणि त्या लांबलचक आवाजातून तो एक शब्द टपकन बाहेर पडला. मग त्याच्या मागचा 'युअर', मग 'हॅव'. मी पुलाच्या पायरीवर डबा धरून उभीच राहिले होते. शेकडो वेळा ऐकून जे झालं नव्हतं ते एका शब्दाची ओळख झाल्यावर झालं, आणि ते शेकडो वेळा ऐकणंही फुकट गेलं नव्हतं, कारण सूर आणि ठेका आधीच आत बसलेला होता. तुझ्या वीस वेळांचं पण तसंच आहे. वाया गेले नाहीत ते, पण आता एकविसाव्या वेळी नुसतं प्ले दाबू नकोस.

आधी हे गाणं काय आहे ते समजून घे, कारण सरांनी चांगली गोष्ट सुचवली पण किल्ली दिली नाही. बिली जोएल न्यूयॉर्ककडचा गायक, जन्म १९४९ चा, गाणं १९८९ चं, म्हणजे चाळिशी आली तेव्हाचं. त्याचं आयुष्य सुरू झाल्यापासून तोवर जगात जे जे गाजलं, माणसं, युद्धं, पुस्तकं, पिक्चर, खेळाडू, औषधं, त्यांची शंभरावर नावं एकापाठोपाठ एक, आणि मध्ये मध्ये कोरस, की ही आग आम्ही लावली नाही, ती आधीपासून पेटलेलीच होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते अमेरिकेत एक नंबरला होतं, आणि तिकडच्या शाळांतसुद्धा इतिहासाच्या तासाला वाजलंय. आपल्याला हे नवीन नाही गं, पोवाडा काय वेगळं करतो, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी अफझलखानाचा प्रसंग शाहिराच्या तोंडून कानानेच शिकला ना.

आता कामाची गोष्ट. नावं बहुतेक वर्षांच्या क्रमाने येतात. १९४९ पासून केनेडीच्या खुनापर्यंत, म्हणजे १९६३ पर्यंत, गाणं वर्षावर्षाने चालतं, आणि त्यानंतरची सव्वीस वर्षं शेवटच्या कडव्यात एका दमात उरकतं. हे माहीत असलं की पुढे काय येणार याचा कानाला अंदाज येतो. तुझं स्टेशन जवळ आलं की झोपेतसुद्धा कळतं ना, एरंडोल गेलं म्हणजे आता पाळधी, मग जळगाव, तसंच, स्टॅलिन गेला म्हणजे आपण १९५३ ला आहोत, सुएझ आलं म्हणजे १९५६, स्पुटनिक म्हणजे १९५७. आपण कुठे आहोत हे माहीत असलेला माणूस गाडीत घाबरत नाही. (२०२३ मध्ये एका बँडने याच चालीवर १९८९ नंतरच्या घटनांचं नवं गाणं केलं, ते सोपं वाटेल कारण नावं ओळखीची, पण त्यात वर्षांचा क्रम नाही, म्हणून सुरुवात त्याने करू नकोस.)

तू जिथे पडलीस ती ठिकाणं बघू.

लिटल रॉक हे गाव आहे, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची राजधानी. १९५७ मध्ये तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलामुलींना प्रवेश मिळाला, कोर्टाने सांगितलं होतं की गोऱ्यांची वेगळी शाळा चालणार नाही, पण राज्याच्या गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून त्यांना दारात अडवलं, बाहेर गोऱ्यांची झुंड, शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला सैन्य पाठवावं लागलं आणि पोरं सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. एवढं एकदा वाचलंस की आयुष्यात परत तुला तो छोटा दगड ऐकू येणार नाही. आणि आता आवाजाकडे बघ. अमेरिकन माणूस 'लिटल' म्हणताना मधला ट तोंडात मऊ करतो, जवळजवळ 'लिडल'. 'वॉटर' चं 'वॉडर', 'बेटर' चं 'बेडर'. एकदा हे लिटल रॉकमध्ये पकडलंस की दुसरीकडे आपोआप सापडेल, कारण आता तुझ्याकडे नमुना आहे.

यू टू म्हणजे तू पण नाही, ते अमेरिकेचं हेरगिरीचं विमान. मे १९६० मध्ये रशियावर उडताना पाडलं, पायलट जिवंत सापडला, आणि ते उडालं कुठून होतं तर पेशावरहून. गंमत अशी की तुझ्या कानाने ते अगदी बरोबर ऐकलं होतं! यू आणि टू, एवढंच आहे तिथे. म्हणजे चूक कानाची नव्हतीच. हे मी तुला मुद्दाम दाखवतेय कारण लिसनिंगच्या निम्म्या चुका अशा असतात, की ऐकलेलं असतं अचूक, पण डोक्यात खण चुकीचा उघडतो.

आणि तुझं बिगिन रिगन. ही दोन माणसं आहेत. पहिला मेनाखेम बेगिन, १९७७ ला इस्राएलचा पंतप्रधान झाला, इजिप्तशी तह केला तो. दुसरा रोनाल्ड रेगन, १९८१ पासून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. पहिल्याचं स्पेलिंग 'सुरू करणे' वालंच आहे, त्यामुळे ऐकून लिहिणारा हमखास तिथे क्रियापद समजून बसतो आणि वाक्य शोधत राहतो, जे तिथे नाहीच. दुसऱ्याचं स्पेलिंग बघून आपल्याकडे लोक रीगन म्हणतात, तो स्वतःला रेगन म्हणायचा. हा धडा मोठा आहे, स्पेलिंग बघून आपण मनात जो आवाज ठरवून ठेवतो तोच कानात अडसर होऊन बसतो. मग खरा आवाज समोरून जातो आणि आपण आपल्या ठरवलेल्या आवाजाची वाट बघत राहतो.

याच्यासाठी तुला एक दाखवते जे तुझ्या अगदी घरचं आहे आणि तरी निसटलं. पहिला कोरस यायच्या जरा आधी 'व्हॅक्सीन' हा शब्द आहे. पोलिओची लस, साल्क नावाच्या डॉक्टरचं संशोधन, पन्नासच्या दशकाची सुरुवात. तू नर्स, रविवारी पोलिओ बूथवर ड्युटी केलेली असणार, आणि हा शब्द तुझ्या यादीत नाही! कारण आपण म्हणतो 'व्हॅक्सिन', पहिल्यावर जोर, शेवट तोडून. तो म्हणतो 'व्हॅक्-सीऽन', सगळा भार शेवटच्या सीनवर. आणि त्याच्या आधी आयझेनहॉवर आलाय, तू त्याच्याशी झटत असताना हा निघून गेला. तो शोधायची खूण सांगते, लगेच पुढे इंग्लंडची नवी राणी आहे, १९५२ ची, एलिझाबेथ, आणि राणीच्या इंग्रजी शब्दाचं आणि व्हॅक्सीनचं यमक आहे. आज रात्री फक्त ते दोन शब्द सापडेपर्यंत तेवढा तुकडा ऐक. इंग्रजीत जोर कुठे आहे हे जो ऐकतो त्याला अर्धं इंग्रजी ऐकू येतं, कारण ते लोक जोर असलेला तुकडा पूर्ण उच्चारतात आणि बाकीचा गिळतात, आपल्यासारखं प्रत्येक अक्षराला सारखं वजन देत नाहीत.

आता करायचं कसं ते सांगते, आणि कृपा करून रोज अख्खं गाणं लावू नकोस. जेमतेम पाच मिनिटांचं आहे पण त्यात इतकं ठासून भरलंय की एका दिवसाला पंधरावीस सेकंदांचा तुकडा, सहासात नावं, पुष्कळ झालं.

आधी त्या तुकड्यातली नावं कोण आहेत ते मराठीत वाच. हो, मराठीत. मराठी विश्वकोश फुकट ऑनलाइन आहे, त्यात नासर, सुएझ कालवा, क्रुश्चेव्ह, चौ एन लाय सगळे भेटतील. लोक म्हणतील इंग्रजी शिकायचं तर इंग्रजीतच वाचा, मला ते पटत नाही. आत्ता तुला ओळख करून घ्यायचीये, आणि ओळख आपल्या भाषेत लवकर आणि पक्की होते. सुएझचंच बघ, १९५६ मध्ये नासरने तो कालवा इजिप्तच्या ताब्यात घेतला म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने हल्ला केला, एवढं तर गाण्यासाठी झालं. पण तो कालवा १८६९ ला उघडला तेव्हापासून आपल्याकडचा कापूस मुंबईहून विलायतेला जायचा रस्ता केवढा जवळचा झाला, हे वाचलंस आणि बाबांना सांगितलंस तर ते पण ऐकतील, कापूसवाल्या घरातला माणूस कापसाची गोष्ट टाळत नाही.

मग हेडफोन लावून, गाण्याचे शब्द समोर न ठेवता, तो तुकडा ऐक, आणि जे ऐकू येतं ते देवनागरीत लिही. इंग्रजीत नाही. इंग्रजीत लिहायला लागलीस की स्पेलिंगची भीती मध्ये येते आणि हात थांबतो. आपली लिपी यासाठी सोन्यासारखी आहे, जसा आवाज तसं अक्षर. 'मॅलनकॉफ' (स्टॅलिननंतरचा रशियाचा नेता मालेन्कोव्ह) ऐकू आलं तर मॅलनकॉफ लिही. वेग जास्त वाटला तर यूट्यूबवर पाऊण वेग करता येतो, एकदोनदा कर, पण शेवटचं ऐकणं खऱ्या वेगातच. मग गाण्याचे शब्द उघड आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. जिथे फरक आहे तिथे लाल पेन. तो लाल पेन म्हणजे तुझा क्लास, बाकी कोणाच्या नोट्सची गरज नाही. बघशील की तुझ्या चुका तीन-चार प्रकारच्याच आहेत आणि त्याच फिरून फिरून येतात, कुठे शब्दाचा शेवट गिळलेला, कुठे मऊ झालेला ट, कुठे दोन शब्द चिकटलेले, कुठे च दिसतो पण क वाजतो, जसा नाझी अधिकारी आइकमनच्या नावात. आणि यूट्यूबवर खाली आपोआप अक्षरं येतात त्यांच्यावर विसंबू नकोस, नावांच्या बाबतीत ती फार चुकतात.

मग तोंडाने म्हण, त्याच्याबरोबर, त्याच ठेक्यात. लाजू नकोस, जे तोंडाला म्हणता येतं ते कानाला लवकर सापडतं. हॉस्टेलच्या गच्चीवर जा हवं तर. आपल्या आयाबायांनी श्रावणातल्या कानबाईच्या सणाची गाणी कुठे वहीतून पाठ केली, रोटाच्या रात्री म्हणणारीच्या सुरात सूर मिसळून आली ती. बहिणाबाईंना तर लिहिता वाचता येत नव्हतं, असोद्याची ती बाई जात्यावर, शेतात ओव्या रचत गेली, आणि घरच्यांनी ऐकलं, उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. आपल्याकडे कानाने धरून ठेवायची रीत जुनी आहे, तुझ्या बाबांना हे सांग, गाणं ऐकून भाषा येते का म्हणून विचारतात ना.

पण बाबांच्या प्रश्नात तथ्य पण आहे, आणि ते मी झाकणार नाही. नुसत्या या गाण्याने तुझे १७ चे ३० होणार नाहीत. का, तर कोरस आणि थोडेफार तुकडे सोडले तर यात वाक्यं नाहीत, नावंच आहेत. परीक्षेत कोणीतरी घर भाड्याने घेण्याबद्दल फोन करतं, कोणी लायब्ररीची माहिती देतं, शेवटी कोणी लेक्चर देतं, चार भाग, ४० प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि रेकॉर्डिंग एकदाच. तिथे 'आधी मंगळवार म्हटलं पण मग बदलून गुरुवार केला' असलं पकडायचं असतं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन सगळे उच्चार असतात, हा तर एकटा न्यूयॉर्ककडचा माणूस. गाण्याचा फायदा कुठे होईल तर नावं, आकडे, जागा पटकन पकडण्यात, जोर ओळखण्यात, आणि मुख्य म्हणजे एक शब्द सुटला तर तिथेच रडत न बसता पुढचा पकडण्यात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. तू जे वर्णन केलंस ना, लडीसारखं जातं, ते बहुतेक यामुळे, की एक सुटला, तू मागे वळलीस, तोवर चार गेले. गाण्यात हे रोज होतं, म्हणून सोडून द्यायची सवय गाण्यातच लागते. वॉर्डात एक ऑर्डर नीट ऐकू आली नाही तर तू तेवढी जागा मोकळी सोडून पुढचं लिहितेस आणि मग विचारतेस, अगदी तेच. फक्त परीक्षेत विचारता येत नाही.

म्हणून गाण्याला अनुक्रमणिका समज आणि पुस्तक दुसरीकडून वाच. रोजच्या सहासात नावांतलं जे तुला सगळ्यात भिडलं ते एक घे आणि त्यावरची जुनी बातमीपटाची फिल्म बघ. ब्रिटिश पाथे म्हणून जुन्या बातमीपटांचा मोठा साठा यूट्यूबवर आहे, टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी दाखवायचे तसले, बऱ्याचशा एकदोन मिनिटांच्याच, निवेदकाचा ब्रिटिश आवाज ठणठणीत, वाक्यं पूर्ण. सुएझवरची, बुडापेस्टच्या १९५६ च्या उठावावरची, राणीच्या राज्याभिषेकाची. आता तुला गोष्ट आधीच माहीत आहे, नावं कानात बसलेली आहेत, त्यामुळे वाक्यं उलगडायला लागतील आणि तुला स्वतःलाच नवल वाटेल. मग बघितलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून इंग्रजीत तीन वाक्यांत सांग, कोण, कुठे, काय झालं. चुकलं तरी चालेल.

थॅलिडोमाइडपासूनच सुरुवात कर असं मी म्हणेन, क्रम मोडून. तुला औषध माहीत आहे, गोष्ट कदाचित नाही. १९५७ पासून जर्मनीत शांत झोपेसाठी म्हणून विकलं, मग गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवर द्यायला लागले, आणि हजारो बाळं हातापायांची वाढ न होताच जन्मली, १९६१ च्या शेवटी तिकडे बाजारातून काढलं. अमेरिकेत मात्र तेव्हा ते विक्रीला आलंच नाही, कारण तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाची बाई नुकतीच लागली होती, कंपनी मागे लागली तरी तिने पुरावा पुरेसा नाही म्हणून सही केली नाही. तिच्याविषयी इंग्रजीत भरपूर व्हिडिओ आहेत. तुझ्यासारखीच फाइल हातात धरून उभी राहणारी बाई, तिची गोष्ट तू कान देऊन ऐकशील. आणि इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की पेशंट सेफ्टीबद्दल काय वाटतं तर बोलायला काहीतरी स्वतःचं असेल.

सबटायटलवाल्या पिक्चरचं रूममेटला सांग, सुटीच्या दिवशी खुशाल बघू, पण खाली अक्षरं असली की डोळे काम करतात आणि कान झोपतात. तुझं रीडिंग आधीच चांगलं आहे, म्हणून तुझ्या बाबतीत तर हे जास्तच. बघायचंच तर पाच मिनिटं अक्षरांशिवाय, मग तीच पाच मिनिटं अक्षरं लावून.

नाइट ड्युटीच्या आठवड्यात हे जमणार नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या आठवड्यात फक्त जुने तुकडे एसटीत ऐक, नवीन काही घेऊ नकोस. एसटीच्या खडखडाटात ऐकणं ही पण प्रॅक्टिसच आहे, पण आधी शांततेत पकडलेलंच तिथे ऐकायचं, नाहीतर परत वीस वेळाचं रडगाणं.

आणि महिनाभराने, निम्मं गाणं हाताशी आलं की, एक यादी स्वतःची कर. आपल्या खान्देशची, इंग्रजीत, वर्षांच्या क्रमाने, नुसती नावं आणि जागा. १९३६ ला फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. १९४२ ला नंदुरबारचा शिरीषकुमार, शाळकरी पोरगा, हातात तिरंगा आणि समोर पोलिसांच्या गोळ्या. १९५२ ला बहिणाबाईंचं पुस्तक. १९६० ला महाराष्ट्र. १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा. २००७ ला आपल्या बोदवडकडच्या प्रतिभाताई राष्ट्रपती. मधल्या जागा तू भर, बाबांना विचारून भर, दुष्काळ कधीचा, कापसाला भाव कधी मिळाला. मग एकेका नावावर इंग्रजीत दोन वाक्यं बोल, जणू समोर वॉर्डातली एखादी परदेशी सिस्टर बसलीये आणि विचारतेय, तुम्ही कुठल्या, तिकडे काय आहे. हा प्रश्न तुला तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात येणार आहे.

पहिल्या पंधरा दिवसांची वही झाली की लाल पेनवाल्या पानाचा फोटो पाठव. व्हॅक्सीन सापडलं की नाही तेही लिही, आणि किती वेळा ऐकल्यावर सापडलं तेसुद्धा.